ध्रुवतारा डोंगराआड: पोलादपूरच्या वाडीत माउंटची परीक्षा

गेलं वर्षभर मी घरात एकच आवाज कान देऊन ऐकत आले आहे. आमच्या फ्लॅटवरून गच्चीकडे जाणारा जिना मिलिंद चढतो, तो आवाज. मिलिंद म्हणजे माझा नवरा. गेल्या वर्षी त्याची बायपास झाली. तेव्हापासून तो जिन्याकडे वळला की मी मिक्सर बंद करते, नळ बंद करते, टीव्हीचा आवाज घालवते आणि ऐकत उभी राहते. मधल्या वळणावर पावलं थांबली की मी हातातलं टाकून दाराकडे धावते. बहुतेक वेळा तो तिथे चप्पल नीट करत असतो.

डॉक्टरांनी त्याला चालायला, चढायला सगळी मोकळीक दिली आहे. फक्त एक नियम घालून दिला, "जे उचलताना श्वास रोखावा लागतो, ते उचलायचं नाही." आता हा नियम बाजारातून भाजी आणणाऱ्या माणसाला सोपा आहे. आमच्या घरात मात्र दुर्बीण आहे, आणि दुर्बिणीपेक्षा जड असं तिचं माउंट आहे. त्या दिवसापासून दोन्ही कपाटावर पडून होती. मिलिंद त्यांच्याकडे बघायचाही नाही.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माउंट म्हणजे दुर्बिणीच्या खालचं यंत्र. पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात, आणि कॅमेरा मिनिटभर उघडा ठेवला तर ताऱ्याऐवजी रेघ उमटते. माउंटने दुर्बीण ताऱ्याच्या मागे मागे, अगदी हळू आणि अगदी अचूक फिरवायची. नुसतं डोळ्यांनी बघायचं असेल तर साध्या लाकडी बैठकीवरही भागतं. फोटो काढायचे असतील तर सगळी मदार माउंटवर. नवखे लोक सगळे पैसे दुर्बिणीवर उधळतात आणि मग माउंटपाशी येऊन रडतात. आम्हीही रडलो होतो, पण ते जुनं झालं.

तर, आमच्या खगोल मंडळातले बापटसर मुलाकडे बंगळुरूला राहायला निघाले आणि त्यांचं मोठं इक्वेटोरियल माउंट विकायला काढलं. मिलिंदने कित्येक वर्षं ज्याच्याकडे हावरटासारखं बघितलं होतं ते हेच. लोखंडी वजनांच्या चकत्या, तिपाई, सगळं मिळून पंचवीस किलोच्या वर. "आधी दोन दिवस वापरून बघ," सर म्हणाले. मंडळातल्याच ऋचाने तिचं नवीन हलकं माउंट पुढे केलं. यात वेगळ्या प्रकारचे दाते असतात, त्यामुळे समोरून तोलायला वजनं लागत नाहीत, आणि सगळं यंत्र खांद्यावरच्या पिशवीत मावतं. मिलिंदने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "खेळणं आहे."

मला त्याच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा रंग दिसला होता. त्यामुळे मी खेळण्यावर वाद घातला नाही. दोन्ही माउंट गाडीत भरली, अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार धरला, शुक्रवारची रजा टाकली आणि आम्ही निघालो.

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगाव आणि तिथून महाड. वरंध घाट जवळ पडतो, पण तो चालू आहे की बंद, हे निघायच्या दिवशी विचारून घ्या. ताम्हिणीचा रस्ता मुळशीच्या पुढे काही ठिकाणी उखडलेला आहे, बाकी छान. माणगावात गाड्यांची रांग लागते, ती लागणारच, चिडू नका. शेंगदाणे जवळ ठेवा. महामार्गाला लागल्यावर मात्र गाडी लोण्यासारखी जाते. महाडला पेट्रोल भरून घ्या, औषधं आणि बॅटरीचे सेल घ्यायचे असतील तर तेही इथेच. पुढे पोलादपूरला चहा घेतला. कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांच्या गर्दीत बसून प्यायलेला तो चहा इतका गोड होता की मिलिंदने माझाही कप स्वतःकडे ओढला. डॉक्टरांनी साखर कमी सांगितली आहे, म्हणून मी तो परत ओढला.

पोलादपूर सोडलं की रस्ता अरुंद होतो आणि सावित्री नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे भेटते. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण शांताकाकींकडे पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत आणि त्यांना तेवढेच पाहुणे झेपतात. काकी आणि बाळाकाका दोघंच राहतात, मुलगा-सून मुंबईला. निम्म्या वाडीचं असंच आहे. राहणं आणि दोन वेळचं जेवण धरून माणशी हजाराच्या आसपास. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, वालाचं बिरडं आणि नव्या तांदळाचा भात. त्या भाताला तूपही लागत नाही. तरी मी घेतलं.

आता मिलिंदची चूक सांगते. त्याने येण्याआधी फोनवर काकींना दोनदा विचारलं होतं, "अंगणातून आभाळ दिसतं ना?" काकींनी दोन्ही वेळा सांगितलं, "सगळा दिसतंय." ते खरंच होतं. डोक्यावर मोठं थोरलं आभाळ होतं. पण घराच्या मागे, बरोबर उत्तरेला, डोंगर उभा होता. इक्वेटोरियल माउंट लावायचं तर त्याचा कणा ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आणि आपल्याकडे ध्रुवतारा फार वर नसतो. आपण जितक्या अंशांवर राहतो तितकाच तो क्षितिजाच्या वर. पोलादपूर अठरा अंशांवर. अठरा अंश म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर जेमतेम दोन मुठी. काकींचा डोंगर चार मुठी होता. पुण्यात गच्चीवर उत्तरेला पाण्याची टाकी सोडली तर काही आडवं येत नाही, त्यामुळे डोंगराचं नाव या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. घाटमाथ्यावरच्या माणसाने कोकणात येऊन ध्रुवतारा हरवला.

हे कळायला रात्र व्हावी लागली. त्याआधी गाडीतून माउंट उतरवायचं होतं. मी म्हटलं, काकांना येऊ दे. मिलिंदने ऐकलं नाही. त्याने मोठ्या माउंटचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, गुडघे वाकवले आणि उचललं. त्याचे ओठ मिटलेले होते. मी त्याच्या छातीकडे बघत होते. ती हलत नव्हती.

"श्वास घे," मी ओरडले.

तेवढ्यात बाळाकाका आले आणि काही न विचारता त्यांनी ते धूड त्याच्या हातातून काढून घेतलं. "द्या हिकडं. काय हाय हा? पंप हाय काय?"

"दुर्बिणीचं आहे," मिलिंद म्हणाला आणि मान दुसरीकडे फिरवली.

काका ते घेऊन थेट खळ्याकडे निघाले, तर काकी पदर खोचून आडव्या आल्या. "थांबा, थांबा! सकाळीच सारवलाय खळा. उद्या भाताची झोडणी हाय. त्याच्यात ह्ये लोखंडाचे पाय रोवतील."

तिपाईच्या पायांना खाली अणकुचीदार टोकं असतात, हे त्यांनी एका नजरेत पाहिलं होतं. मग माउंट कडेला, केळीच्या शेजारी उभं राहिलं. मिलिंदने वजनं चढवली, दुर्बीण बसवली, समपातळी साधली. अंधार पडला, वर तारे खच्चून भरले, पुण्यात कधी दिसत नाहीत इतके. आणि तो माउंटच्या पोटातल्या, ध्रुव शोधायच्या बारीक दुर्बिणीला डोळा लावून बसला. बसला तो बसलाच.

"काय झालं?" मी विचारलं.

"डोंगर दिसतोय."

ध्रुव न दिसता माउंट जुळवायच्याही पद्धती आहेत, त्याला त्या येतात. त्याने खटपट केली. पण बापटसरांचं माउंट जुन्या वळणाचं, प्रत्येक गोष्ट हाताने करायची, आणि दर वेळी ते तसूभर सरकवायचं तर सगळा भार सावरावा लागत होता. दर वेळी काका पुढे व्हायचे. फोटोत तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट येत होते. त्यात दव पडायला लागलं. कोकणात नोव्हेंबरात दव म्हणजे थेट पाणीच. भिंगावर गुंडाळायचा गरम पट्टा नेला नसेल तर तासाभरात खेळ खलास, हे टिपून ठेवा.

"वर सहाणीवर न्हेला तर?" बाळाकाका म्हणाले. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी चौथरा. शिमग्यात गावाची पालखी तिथे बसते. "तितून सगळीकडचा दिसतंय. उद्या चार पोरं बोलावतो. पालखीसारखा खांद्यावरनं न्हेऊ. पालखी काय एकटा उचलीत नाय कुणी."

काका मनापासून बोलत होते. मिलिंदने हात पुसले. "नको काका. राहू द्या," तो म्हणाला. खोलीत आल्यावर मला म्हणाला, "चार माणसं बोलावून आभाळ बघायचं असेल तर नको मला ते. पुण्याला गेल्यावर विकून टाकू. सरांचं परत, आपलंही सगळं."

खरं सांगायचं तर एका क्षणापुरतं मला हायसं वाटलं. जड काही उचलणं नको, गच्ची नको, कान लावून बसणं नको. मग त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि ऑपरेशननंतरच्या महिन्यांत तो अगदी असाच पडून असायचा. मला भीती वाटली. हा माणूस आभाळ सोडून घरात बसला तर त्याचं हृदय डॉक्टरांनी नीट करून काय उपयोग झाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची झोडणी बघितली. सारवलेल्या खळ्यावर पेंढ्या आपटल्या जात होत्या, दाणे उडत होते आणि काकी सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. मी अनवाणी जाऊन चार पेंढ्या आपटल्या आणि हसं करून घेतलं. "ताय, भातावर राग हाय काय तुमचा?" काकींनी विचारलं. दुपारपर्यंत माझे खांदे बोलायला लागले.

मिलिंद एकटाच वर सहाणीवर जाऊन आला. आल्यावर त्याने जेवताना दुसऱ्यांदा भात मागितला, ही चांगली खूण होती. मग पाणी पिता पिता म्हणाला, "उत्तर मोकळी आहे तिथे. ऋचाचं ते... नेऊन बघू का?"

"खेळणं?" मी विचारलं.

"माउंट," तो म्हणाला.

सहाणीपर्यंतची वाट घरामागून जाते. चढ आहे, पण सरळ आहे, पंधरा-वीस मिनिटांचा. त्याने ठरवलं की दोन खेपा करायच्या. पहिल्या खेपेला तिपाई आणि बॅटरी, दुसऱ्या खेपेला माउंट आणि छोटी दुर्बीण. मी हात लावायचा नाही. बाळाकाकांनी तर अजिबात नाही. पण काका बरोबर आलेच, कारण सहाणीवर काहीही मांडायचं तर देवाला सांगायला हवं.

पहिली खेप दिवस मावळताना झाली. वर पोहोचल्यावर आम्ही चपला खाली काढल्या. काकांनी मधला दगड दाखवला, "हितं पालखी बसते, ह्याच्यावर नाय ठेवायचा. ह्या कोपऱ्यात ठेवा, चालंल." मग देवळाकडे तोंड करून, हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. त्यात काय येणार आहे याची मला कल्पना नव्हती.

"बा देवा म्हाराजा! आज ह्ये पुण्याचे पाव्हणे तुझ्या सहाणीवर आपलं यंत्र मांडतात. तुझेच तारे बघायचे हायत, दुसरा काय नाय. काय चूकभूल झाली तर पदरात घे. आभाळ मोकळा ठेव. आणि ह्या साहेबाच्या काळजाला काय कमी पडू देऊ नकोस म्हाराजा!"

"होय म्हाराजा," मी म्हणाले. असं म्हणायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिलिंद नेमका तेव्हा तिपाईचे स्क्रू फारच लक्षपूर्वक आवळत होता. ऑपरेशनचं काकांना मीच सकाळी झोडणीच्या वेळी सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला अंधारून आलं होतं. मिलिंद पुढे, पाठीवर माउंटची पिशवी, हातात दुर्बिणीची पेटी. मी मागे, रिकाम्या हातांनी, विजेरी घेऊन. तो चढताना बोलत होता. ऋचाच्या माउंटचे दाते थोडे हेलकावे खातात, म्हणून दुसरा छोटा कॅमेरा सतत एका ताऱ्यावर नजर ठेवून त्याला सुधारत राहतो, असं काहीबाही. मला काय, तो बोलतोय एवढंच पुरे होतं. बोलणारा माणूस श्वास रोखत नाही.

चढाच्या मध्यावर तो बोलायचा थांबला. आणि पावलंही थांबली.

मी धावतच वर गेले. "काय होतंय? बस. खाली बस आधी. पिशवी काढ."

तो उभाच होता, मान वर करून. शांत, नेहमीसारखा श्वास. "काही होत नाही गं," तो म्हणाला. "ते बघ."

इथे डोंगराची सोंड संपत होती. सोंडेच्या कडेला, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर, एकटाच, फार तेजस्वी नसलेला एक तारा होता. काल रात्री डोंगराने अडवून ठेवलेला.

"ध्रुव," तो म्हणाला.

मी त्याच्या दंडाला धरून तिथेच वाटेवर बसले. त्याने पेटी खाली ठेवली, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "दम तुला लागलाय." आम्ही दोघं हसलो, आणि मग मी थोडी रडलेही. भीती उतरताना असं होत असावं.

पुढचं सगळं त्याने एकट्याने केलं. हलक्या माउंटची खोड अशी की वजनं नसल्याने ते कलंडू शकतं. त्याने तिपाईच्या मध्यावर पिशवी बांधून तिच्यात दगड भरले. पहिले तीन फोटो वाया गेले. वारा होता, आणि छोट्या कॅमेऱ्याला तारा सापडत नव्हता. तो कुरकुरला, जागा बदलली, तारा बदलला. मग मोबाइलच्या पडद्यावर माउंटची चूक दाखवणारी थरथरणारी रेघ हळूहळू सपाट झाली. बापटसरांचं माउंट असतं तर याहून मोठी दुर्बीण पेलली असती, हे तो स्वतःच म्हणाला. पण ते खाली केळीपाशी होतं, आणि हे इथे होतं.

काकी जेवायला बोलवायला वर आल्या तेव्हा देवयानी दीर्घिकेचा फोटो पडद्यावर उमटत होता. लंबगोल, मध्ये उजळ, कडेने धूसर.

"ह्यो ढग हाय?" काकींनी विचारलं.

"ढग नाही काकी. ताऱ्यांचं गाव आहे. आपल्या आभाळात रोज असतं, आता डोक्यावर आहे."

काकींनी वर बघितलं, मग पडद्याकडे, मग परत वर. "आमच्या घरावरनं रोज जातंय आणि आमाला पत्ता नाय," त्या म्हणाल्या. मग लगेच, "फोनवर द्या मना. पोराला धाडते. नाय तर इश्वास ठेवायचा नाय तो." वाडीत फोनला रेंज फक्त सहाणीच्या दक्षिण टोकाला मिळते, हेही टिपून ठेवा. मुलाचं उत्तर लगेच आलं. तो विचारत होता, आई, हे कुठल्या ॲपवरून केलंस?

रविवारी परतताना महाडवरून पाचाडला वाकडी वाट केली. रस्ता भाताच्या शेतांमधून जातो, कापणी झालेली, गवताचे भारे उभे. हिरकणीवाडीपाशी रोपवेला एवढी रांग होती की रायगड आम्ही खालूनच नमस्कार करून सोडला. सुट्टीच्या दिवशी जायचं तर सकाळी लवकर पोहोचा. पाचाडला पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक. जेवताना मिलिंदने बापटसरांना फोन लावला, आणि लाजत लाजत सांगितलं की सर, तुमचं माउंट उत्तम आहे, पण मी घेत नाही.

फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "अरे, शहाणा आहेस. गेली कित्येक वर्षं ते गाडीतून काढायला मी शेजारच्याला हाक मारतो. तो नसला की घरी बसतो. पण कुणाला सांगणार?" आणि ते इतके मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

तेव्हा माउंट निवडणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. किती भार पेलतं, किती अचूक फिरतं, हे तक्ते सगळीकडे मिळतील. ते वाचा. पण घेण्याआधी एकदा ते स्वतः उचलून जिना चढा, आणि चढताना कुणाशी तरी बोला. बोलणं तुटलं तर दुसरं बघा. आणि कोकणात जाणार असाल तर घरमालकाला आभाळाचं नको, डोंगराचं विचारा.

आमचं हलकं माउंट परवा आलं. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खोबऱ्याची चटणी वाटत होते. मिक्सर चालू होता, रेडिओ चालू होता, डोशाचं पीठ बाजूला होतं. चटणी झाली, वाटीत काढली, फोडणी दिली. मागे वळले तर मिलिंद दारात उभा, पायात गच्चीवरची चप्पल, केस वाऱ्याने विस्कटलेले.

"चंद्राचे चांगले आलेत," तो म्हणाला. "डोसे झाले का?"

तो वर कधी गेला, मला कळलंच नव्हतं.